आठ सेंटिमीटर

हौसेला मोल नसतं म्हणतात.
लोर्न बूटिलियेच्या दुकानात होतं:
पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं.
येन वर गेला की लोर्न
कानामागची पेन्सिल काढी, उलट्या टोकानं खोडी,
आणि नवा आकडा लिहिताना
आमच्याकडे बघत नसे.

हॅलिफॅक्स, सत्त्याण्णवचा मार्च.
बंदराचं भोंगं दर दोन मिनिटांनी.
सॉल्ट मेरिडियनचा अख्खा अल्बम सोळा डॉलर.
त्यातलंच एक गाणं, शिवाय एक कुठेच नसलेलं,
ओसाकाहून आलेल्या लांबट पाकिटात: बावीस.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हणालो.
लोर्न म्हणाला, नाक सगळ्यांनाच असतं.

पाकीट वीतभर, आत तबकडी बशीएवढीसुद्धा नाही,
आठ सेंटिमीटर, वरच्या अर्ध्यात बसवलेली.
खालचा अर्धा भाग नुसतं रिकामं प्लास्टिक.
ते मोडून चौकोनी घडी करायची सोय होती.
मोडू नका, लोर्न म्हणाला, मोडलं की किंमत निम्मी.
म्हणजे अकरा डॉलर गाण्याचे
आणि अकरा त्या रिकाम्या जागेचे.
मी हिशोब सांगितला. नोरीन सुरेट हसली नाही.
लॉबस्टरच्या कारखान्यात दोन पाळ्या करून
तिनं बावीस आणले होते, सुटे,
त्यांना अजून वास होता.

लोर्ननं काउंटरवरच्या यंत्रात लावून दाखवलं.
दुसऱ्या गाण्याचं नाव जपानीत छापलेलं,
आम्ही त्याला 'दुसरं' म्हणालो, तेच नाव पडलं.
मध्येच ड्रम थांबतात
आणि कुणीतरी खोकतं,
ते कापलेलं नाही.
एवढं ऐकलं आणि फोन वाजला,
लोर्ननं बंद केलं.

नोरीनच्या ब्यूइकमध्ये नवा प्लेअर होता,
तबकडी ओढून घेणारा, तोंडाला फट असलेला.
थांब, मी म्हणालो. म्हणालो असं मला आठवतं.
तिनं ती फटीत धरली.
गाडीनं गिळली.
आत जराशी घरघर, मग काही नाही.
बटण दाबलं. चिमटा घातला. लोणी काढायची सुरी घातली.
टपावर हात मारला, जसं घास अडकलेल्याच्या पाठीत मारतात.
रिकामं पाकीट तिच्या मांडीवर,
न मोडलेलं, एकदम चांगल्या अवस्थेत.

उन्हाळ्यात ती अल्बर्टाला गेली, तेलाच्या कामावर.
ब्यूइक घेतली केप ब्रेटनच्या एका मासेविक्यानं.
गाणं आत आहे हे त्याला सांगितलं का, मी विचारलं.
नोरीन म्हणाली, सांगितलं असतं तर
भाव वाढवावा लागला असता.

पुढची अकरा वर्षं
कुठलीही राखाडी ब्यूइक दिसली
की मी खिडकीशी कान नेल्यासारखा उभा राही.

नंतर एक प्रत मिळाली. चौसष्ट डॉलर आणि टपाल.
तोवर माझ्याकडे अशी दोनशे तीस पाकिटं,
बहुतेक माझ्यासाठी नव्हेच,
कुणीतरी पुढे विचारेल म्हणून.
कुणी विचारलं नाही.
काहींच्या कडांना तपकिरी डाग पडलेत,
कोटरात ठेवलेल्या सफरचंदासारखे.

मधली खळगी पाहून तबकडी बसवली.
माझ्या आठवणीत चार मिनिटांचं होतं.
निघालं दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद.
कडवी सुमार. गाणाऱ्याला सर्दी असावी.
खोकला मात्र तिथंच होता,
आणि त्याच्यानंतर, फोननं आम्हाला
कधी ऐकूच दिलं नव्हतं ते,
एक बाई हळूच म्हणते, पुन्हा घ्यायचं का?
आणि ते पुन्हा घेत नाहीत.

लोर्नचा मुलगा दुकान आवरतोय.
पाकिटं घ्यायची का, किती द्यायचे, असं विचारायला मी गेलो होतो.
त्यानं एक उचललं, उलटं केलं,
पेन्सिलीचा आकडा पाहिला.
हे बाबांचं अक्षर, म्हणाला.
मी ते एक त्याला दिलं.
उरलेली दोनशे एकोणतीस
गाडीच्या मागच्या सीटवर आहेत.

अल्बर्टाचा नंबर अजून तोच असेल तर
विचारणार आहे:
ते रिकामं पाकीट आहे का तुझ्याकडे?
मोडलंस का?