त्रेचाळीस

मुहर्रकच्या जुन्या बाजारात दाद मुहम्मद
मोडक्या ग्रामोफोनच्या कर्ण्यात हात घालतो
आणि पितळेची चकती काढतो, रुपयाएवढी, वर एक भोक.
मोती काढणाऱ्या पाणबुड्याची आहे म्हणतो, सात दीनार.
मी म्हणतो, पाणबुडा गळ्यात पितळ कशाला बांधेल? तीन.
पाचावर तुटतं. सुटे नाहीत म्हणून
वर एक गंजकी रिकीब देतो.

शर्वरी म्हणते, आलं का आणखी भंगार.
बरोबर आहे तिचं. दोन खोल्यांत
घोडा एकही नाही, सामान मात्र तबेल्याचं:
जॉकीचं वजन भरायचे शिशाचे पत्रे,
कुणा बुकीची चामडी पिशवी, अजून तंबाखूच्या वासाची,
आणि पुण्याचं एक रेसकार्ड, ऑगस्ट अडतीस.
पाचव्या शर्यतीत 'नूरजबीन'वर
कोणीतरी पेन्सिलीनं खूण केलीय,
मग ती इतक्या रागानं खोडलीय
की कागद फाटून मागच्या पानावरचा,
सहाव्या शर्यतीतला घोडाही लंगडा झालाय.

नूरजबीन. अरबी घोडी, भुरकी. वय: पूर्ण.
बाप: अज्ञात. आई: अज्ञात.
आणली कुठून: आखात.
त्या एका शब्दात
बसऱ्यापासून मस्कतपर्यंतचा किनारा कोंबलेला.

चकती मी चिंचेच्या कोळानं घासली.
खाऱ्याचं गोडं करायच्या प्लांटवर नोकरी माझी,
चढलेला थर उतरवणं एवढंच मला येतं.
एका अंगाला ४३ उगवला, आपला.
दुसऱ्या अंगाला तोच, अरबी वळणाचा.
आपल्या तीनला शेपूट, त्यांच्या तीनला आयाळ.
त्या रात्री मी ती चकती
नूरजबीनच्या गळ्यात बांधून टाकली, मनातल्या मनात.

मग तीन हिवाळे विचारत हिंडलो.
शुक्रवारच्या शर्यतींना, लोखंडी कठड्याशी उभ्या म्हाताऱ्यांना,
नाल ठोकणाऱ्या एका पठाणाला, ज्यानं ती दातानं चावून बघितली.
मुंबईला पत्रं लिहिली. एकच उत्तर आलं:
अशी नोंद आढळत नाही.

शेवटी हिद्दच्या चहाखान्यात हाजी खमीस भेटला.
नव्वद की शहाण्णव, त्यालाच नक्की नाही.
वय: पूर्ण.
बोलला तो मुंबईच्या गोदीतलं, सत्तर वर्षं मुरलेलं हिंदी.
बाप नाखुदा होता म्हणाला.
आमच्याकडे नाखवा म्हणतात, मी म्हटलं.
तो रकाब म्हणाला, मी रिकीब. चहा आला.
खाली खजूर भरायचे, वर घोडे,
वारा असला तर पंधरा दिवस,
नसला तर खजूर घोड्यांनाच.

चकती त्यानं पाहिली नाही, नुसती तळहातावर तोलली.
हे घोड्याचं नाही, म्हणाला.
घोड्याला नाव असायचं. दुआ वाचून ठेवलेलं.
हे मोतद्दाराचं. बंदरावर उतरताना माणसं मोजायला.
घोडे कधी चुकायचे नाहीत,
माणसंच हरवायची तुमच्या शहरात.

मी विचारलं, त्रेचाळीस परत आला का?

चकती आली ना, म्हणाला,
आणि साखर ढवळत बसला, विरघळून गेल्यावरही.

रात्री वही उघडली. माझी वही नेटकी असते:
वस्तू, किंमत, तारीख, मूळ.
मूळच्या रकान्यात 'घोडी' लिहिलं होतं शिसपेन्सिलीनं.
ते खोडलं. हलक्या हातानं,
मागच्या पानावर कोण आहे ठाऊक नव्हतं.

पहाटे पाचची बस. प्लांटच्या गेटवर
गळ्यातलं कार्ड यंत्राला दाखवलं, हिरवा दिवा लागला,
आणि पलीकडची चौकट कोकलली.
खिशात काय आहे, गार्डनं विचारलं.
नवा होता, झापाचा, टिकाराम नावाचा.
पितळ, मी म्हणालो.
त्यानं ती घेतली, टॉर्च लावली,
एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं,
मागे रांग खोळंबली तरी बघत राहिला,
मग विचारलं, कुठली?