सोनेगाव, झापड लावून

पहाटे साडेपाचला खामल्यातून निघालो,
प्रफुलच्या स्कूटरवर, लॉगबुक पोटाशी धरून.
एप्रिल. ऊन अजून उठायचं होतं,
चौकातल्या टपरीवर पोह्यांची तर्री मात्र उकळू लागलेली.
"तिकडंच काऊन नाही करून घेत तू?"
प्रफुल हेल्मेटमधून म्हणाला, अर्धं वाऱ्याला, अर्धं मला.
ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तिकडचं आहे माझ्याकडे.
हॅलिफॅक्सला धुकं खरं असतं,
समुद्रावरून चालत येतं, बंदरातले दिवे एकेक करत गिळतं,
तिथे काट्यांवर उडणं ही हौस नसते.
तरी हे दुसरं, इथलं,
बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेलं,
दर खेपेला मुदत संपवून माझी वाट बघणारं.
त्यासाठी तीन आठवड्यांची रजा आणि दोन विमानं,
आणि कुणी विचारलं तर उत्तर नाही.

क्लबातल्या बोरकुटेबाईंनी काल पान उलटलं होतं.
"हे चाळीस तास तिकडच्या विमानाचे. हे मॅक्लाउड कोण?"
माझे इन्स्ट्रक्टर.
"सही आहे. शिक्का कुठंय?"
तिकडे शिक्का नसतो.
"मग खरं कसं समजायचं, बाई?"
पंखा फिरत होता. मला खरंच सुचेना.

शेषराव पेट्रोलची नळी गुंडाळत होते. थबकले.
"ताई, नाकाचं चाक तुम्हीच वाकवलं होतं नं?"
बावीस वर्षं झाली शेषराव.
"चाक अजून ठेवलंय मी," ते म्हणाले,
रागानं की मायेनं, कळलं नाही.

आणि मग एवढ्या स्वच्छ आभाळात,
जिथं चिमूटभर ढग नव्हता,
कॅप्टन डवरेंनी माझ्या डोळ्यांवर झापड चढवली,
बैलाला लावतात तशी,
समोरच्या सहा घड्याळांपुरतं जग ठेवून.

कान म्हणतो, डावीकडे कलंडलीस.
काटा म्हणतो, सरळ आहेस.
कानातल्या पाण्याचं ऐकायचं नाही, हा पहिला धडा.
मान ताठ, बोटं सैल,
नागपूर टॉवरचा आवाज माझ्याच शाळेतल्या कुणाचा असावा असा,
च आणि ज तेच.
खाली माझं अख्खं गाव पसरलेलं,
ते बघायची परवानगी फक्त डवरेंना.
ते वेलदोडा चावत खिडकीतून बघत होते.
"अंबाझरी लय उतरला यंदा," म्हणाले, स्वतःशीच.

मी वळले नाही.
पण हातांनी बघितलं असावं.
"ऐंशी फूट," डवरे म्हणाले.
कसले?
"खाली आलात. कशापायी?"
परत चढले. गप्प.

मग बेसा, बेलतरोडी, सगळं ऐकीव.
दोन काटे एकमेकांवर आडवे, फुलीसारखे,
फुली मध्ये ठेवायची, बस,
हवा तापू लागली की ती हलते,
माशी बसल्यासारखी कातडी हलते तशी विमानाची.
बाराशे चाळीसवर ते म्हणाले, "काढा."

धावपट्टी.
एवढी जवळ, एवढी उघडी,
कडेला वाळलेलं गवत, एक टिटवी,
डांबरावर रबराचे काळे ओरखडे.
डोळ्यांत पाणी आलं ते उजेडानं.
लॉगबुकात तसं कुठं लिहायला रकाना नाही.

फॉर्मवर रकाने दोन होते.
सध्याचा पत्ता. कायमचा पत्ता.
डवरेंनी सही केली, त्यावर फुंकर मारली,
बोरकुटेबाईंनी शिक्का उमटवला, जरा वाकडा.
"बारा महिने," म्हणाल्या. "मग पुन्हा या."

बाहेर बेचाळीस. स्कूटरची सीट पोळत होती.
प्रफुलनं आपला रुमाल अंथरला.
"जमलं?"
जमलं.
"मी तुला सोडून घरी गेलो नं, गच्चीवर उभा होतो.
ती निळी चादर घेऊन. दोनदा गेली तू वरून.
हात भरून आले माझे हलवून हलवून."
तो हेल्मेटचा पट्टा लावत होता, माझ्याकडे न बघता.
"दिसली का?"

दिसली, म्हटलं.
निळी.