बाकाची उंची

दुसरीचं बाक अकरा इंच, पाचवीचं चौदा,
आठवीच्या पुढे साडेसोळा.
एकोणीस वर्षं असल्फ्याच्या कारखान्यात
हीच मापं कापतोय.
पोरांच्या तोंडांपेक्षा
त्यांचे गुडघे मला जास्त ठाऊक.

कौस्तुभला घेऊन पहिल्या शाळेत गेलो.
मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे तशी सोय नाही.
दुसरीकडे सोय होती, जागा नव्हती.
तिसरीकडे जागा होती,
पण बाकीचे पालक काय म्हणतील.
चौथीकडे रॅम्प होता, पाटी होती,
पाटीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र,
आणि रॅम्पभर तुळशीच्या कुंड्या.

कौस्तुभला चाकं लागत नाहीत. तो धावतो.
त्याचा शब्दच तेवढा
जिना चढून येतो,
मजल्यामजल्यावर थांबत.

शीवच्या इस्पितळातून सर्टिफिकेट आणलं.
पासष्ट टक्के.
रात्री शुभांगीनं विचारलं,
या पासष्टात काय काय धरलंय हो?
त्याचं हसणं धरलंय का?
भाजीवाल्याला दुरून ओळखतो, ते?
मी कानातली पेन्सिल काढून फळीवर ठेवली.
लाकूड घेताना गाठी बघून भाव करतो आम्ही,
पण गाठीचे टक्के
कधी कुणी काढून दिले नव्हते.

मग महापालिकेची शाळा. मोठ्या बाईंनी फॉर्म घेतला,
फॉर्म घेतला एवढ्यानंच शुभांगीला रडू आलं.
वय दहा. वाचन नाही. लेखन नाही.
ठीक आहे, दुसरीत बसवू.

बसवला.

दुपारी विसरलेला डबा द्यायला गेलो
तर अकरा इंचांवर माझा पोरगा,
गुडघे पार छातीशी,
आणि सात वर्षांची पोरं त्याला काका म्हणत होती.
तो खूश होता.
उठून उभा राहिला, हात डोक्यावर ठेवून मला दाखवलं,
सगळ्यांत मोठा कोण ते.

माझ्या खिशात टेप असतोच.
मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभा केला त्याला,
टाचेपासून गुडघ्यामागपर्यंत मोजला.
म्हटलं, बाई, चौदा.
डोक्याचं माप माझ्याकडे नाही,
ते तुम्ही शिकलेली माणसं घ्या,
पण खालून तर हा पाचवीचा आहे.

शिपायानं पंखा बंद केला की काय असं वाटलं, इतकं शांत.
धनावडे बाई दारात वह्या घेऊन उभ्या होत्या.
म्हणाल्या, माझ्या वर्गात द्या. पाचवी ब.
मोठ्या बाईंनी लाल पेननं लिहिलं:
तात्पुरता. दिवाळीपर्यंत.

पाचवी बमध्ये एक बाक कमी होतं.
रविवारी तुकडे जमवून केलं,
मालकाला सांगितलं नाही.
सांध्याला सरस लावणार होतो,
मग हात थांबला. स्क्रूवर ठेवलं.
काढायला लागलं तर काढता यावं,
वाढवायला लागलं तर वाढवता.

हजेरीला त्याचं हजर
दोन नावं पुढे गेल्यावर येतं.
धनावडे बाईंचा कागद त्यामुळे खाडाखोडीचा.
परवा शेजारच्या मिस्बानं त्याच्या वतीनं हजर म्हटलं,
तर याने तिची पट्टी फेकली.
त्याचं त्यालाच म्हणायचं होतं.
पट्टी तुटली. मी नवी करून दिली, सागवानी.
तिच्या आईनं तक्रार केली ती वेगळी.

दिवाळीला बावीस दिवस आहेत.
काल मोठ्या बाई वर्गात आल्या,
बाकावर हात ठेवून म्हणाल्या,
मेस्त्री, हे हलतंय जरा.

म्हटलं, नवं आहे बाई.
बसेल.