कुशीवर

रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी
ऋजुताच्या फोनवरून एली बोलली.
"मिसेस देव,"
(देवस्थळीतलं स्थळी तिच्या जिभेला जमत नाही)
"अँब्युलन्स येतेय. मी तिला कुशीवर वळवलंय.
श्वास चालू आहे. मी मोजतेय."

हीच ती एली.
एका कानात सात भोकं, केस हिरवे,
जिच्याबद्दल मी ऑगस्टमध्येच बजावलं होतं,
ही मुलगी आपल्या घरी नको.

टॅक्सीत मी भाषण जुळवलं.
टे नदीवरचा पूल सव्वादोन किलोमीटर,
भाषणाला पुरेसा.
पंधरा वर्षांची आहेस, आणि आमचा विश्वास,
आणि बाबा तिकडे तेलाच्या फलाटावर
चौदा-चौदा दिवस भर समुद्रात, ते कुणासाठी,
आणि माझं ठेवणीतलं,
सुतासारखी सरळ करीन.
ड्रायव्हरने आरशात पाहिलं.
मी मोठ्याने बोलत होते वाटतं, आणि मराठीत.
"मला तीन आहेत," तो म्हणाला,
आणि हीटर वाढवला.

चंदेरी कागदात गुंडाळली होती तिला,
डब्यात द्यायच्या पोळ्यांसारखी.
केसांत वाळू, वाळूत ओकारी,
हनुवटीवर सुकलेला नारिंगी ओघळ.
सरबताच्या बाटलीत निम्मी व्होडका होती.
हाक मारली. पापणी हलली नाही.
नर्सने खांद्याचा स्नायू कचकन चिमटला
तेव्हा कुठे कण्हली.
कुणी माझ्या लेकीला दुखवलं
आणि मला हायसं वाटलं,
असं याआधी कधी झालं नव्हतं.

मॉनिटर होता. आकडे होते. हिरवी रेघ होती.
तरी मी नाकाशी बोट धरलं.
पूर्वी सूत धरत म्हणे,
हललं तर जीव आहे.
माझ्या भाषणातलं सूत
मला तिथे, त्या खाटेपाशी आठवलं.
ऊन हवा आली, आंबूस.
गेली.
मग बराच वेळ आलीच नाही.
मग आली.

चौथ्या महिन्यात ही पहिल्यांदा कुशीवर वळली,
ॲबर्डीनच्या भाड्याच्या खोलीत, सतरंजीवर.
मी कॅमेरा आणेपर्यंत पुन्हा उताणी.
किती विनवलं, वळ गं, एकदाच वळ.
आज तिला वळवलं
दुसऱ्याच कुणाच्या लेकीने,
ब्रॉटी फेरीच्या ओल्या वाळूत गुडघे टेकून,
अंगावरचा कोट तिच्यावर घालून.
बाकीचे चौघं पळाले होते.

एली बाहेर बाकावर, कोटाशिवाय.
मला पाहून उभी राहिली,
मार खायला राहावं तशी.
"बावीस मिनिटं मोजले. मध्ये दोनदा चुकले, सॉरी."
तिची आई रात्रपाळीला. फोन उचलत नव्हती.
मी माझं स्वेटर तिला चढवलं,
बाह्या ओढून हातभर पुढे आणल्या.
मशीनचा चहा, तीन साखरा.
माफी मागायची होती.
"बिस्किट?" एवढंच विचारलं.

साडेचारला ऋजुताने डोळे उघडले.
"आई, ओरडणार आहेस?"
हो, म्हटलं. आज नाही. बुधवारी.
बाबा येतोय, दोघं मिळून ओरडू.
पाणी पी. एक-एक घोट.

घरी आल्यावर
कपाटातल्या बाटल्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या.
मग लाज वाटून खोडल्या.
संध्याकाळी पुन्हा केल्या.
एलीचा कोट दोनदा धुतला,
खिशातून वाळू निघतेच आहे.
शुक्रवारी न्यायला ये म्हटलंय, जेवायलाच ये.
"थँक्स, मिसेस देव."
दुरुस्त नाही केलं.

रात्री तिसऱ्यांदा उठून पाहिलं.
उताणी झोपली होती, तोंड उघडं.
आता गरज नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.
खांद्याला धरून वळवलंच.
"आई गं, झोपू दे ना,"
वैतागली.
नीट, स्वच्छ, पूर्ण शुद्धीत वैतागली.