शेड विकून

शेड विकली, त्याच्या चौथ्या महिन्यात
मी अंटार्क्टिकाला जाऊन आलो.
उद्यमबागेत अजून कुणाला खरं वाटत नाही.
म्हणतात, नागोजी जांबोटीच्या पुढं गेलाच नसणार,
फोटो कुठल्यातरी बर्फाच्या फॅक्टरीतले.

बत्तीस वर्षं लोखंड ओतलं.
संत्र्याच्या सालीचा रंग असला की थांबायचं,
पार पांढुरकं झालं की सोडायचं.
भुवया दोनदा जळाल्या. पुन्हा आल्या, जरा विरळ.

बोटीवर बूट घासून घेतले,
खिशांच्या शिवणीसुद्धा व्हॅक्यूमनं साफ,
बाहेरचं एक बी नको त्या जमिनीवर.
माझ्या जुन्या स्वेटरच्या खिशातून निघाली
चिमूटभर काळी वाळू, साच्याची.
ती पोरगी विचारत राहिली, हे काय?
मला इंग्रजीत सांगता येईना.
मराठीत तरी कुठं आलं असतं.

पेंग्विनच्या वासाचं कुणी बोललं नव्हतं.
कॅम्पातला मासळीबाजार, मे महिना, दुपार.

गाईड म्हणाला, या किनाऱ्यावर तीन देशांचा दावा आहे,
तूर्तास सगळ्यांनी बाजूला ठेवलाय.
मी विचारलं, पुढची तारीख कधीची?
तो हसला. बाकीचेही हसले.
माझ्या शेडची पाटी दोनदा डांबरलेली,
मी आपला कड्याकडं बघत राहिलो.

कडा तुटला. आधी दिसला,
मग सावकाश आवाज आला, लांबच्या खाणीतल्या सुरुंगासारखा.
रात्री कपात बर्फाचा तुकडा घालून दिला,
हजारो वर्षांचा म्हणे. तडतडत होता.
आत अडकलेली जुनी हवा सुटतेय, ऐका.
चाळीस माणसं कपाला कान लावून.
आमच्या कामात हवा अडकली
की ब्लोहोल, माल रिजेक्ट,
भाड्यासकट परत.
मीही कान लावला.
किती माल परत आला होता माझा, एवढंच आठवत राहिलं.

परवा बसवण्णी भेटला, माझा मोल्डर,
आता दुसऱ्याच्या शेडात.
थंडी नाही विचारली, पैसे नाही विचारले.
म्हणाला, मालक, तिथली वाळू कशी हाय?

मी गप्प.
एवढ्या दिवसांत एकदाही
मुठीत दाबून बघितली नव्हती.