उंबऱ्यात

अक्का,
त्या रात्री मला उंबऱ्यात निजवलं होतं
कुलपाऐवजी.
कुलूप लावलं तर गल्लीला कळतं.
भाऊ दारात झोपला तर कोण काय म्हणणार,
सोलापूरचा उन्हाळा,
अर्धी वस्ती दारातच पडलेली असते.

खाली चादर, नानांनीच विणलेली,
एका मोराची मान धागा तुटून वाकडी झाली
म्हणून विक्रीतून बाद.
नाना म्हणाले,
घराची अब्रू तुझ्या पाठीखाली आहे, श्रीहरी.
मी सोळाचा.
पाठीखाली फरशी होती
आणि तो मानमोडका मोर.

तुझा शब्द पाळण्यातच दिलेला.
मामा तेव्हा चौदाचा, गोट्या खेळत होता म्हणे,
त्यालाही कुणी विचारलं नसेल.
तू मात्र विसाव्या वर्षी
भर जेवणात, हातातला घास खाली न ठेवता
विचारलंस, "आणि माझं काय?"
तेव्हापासून तुझा मोबाइल तांदळाच्या डब्यात,
तुझं गुणपत्रक, आधार, सगळं ट्रंकेत.

आपल्या गल्लीत झोप मागांच्या आवाजावर लागते.
खटाखट चालू असली की माणसं मेल्यासारखी,
लाइट गेली की सगळी गल्ली टक्क जागी.
तुला हे माहीत होतं.
रात्रपाळी ऐन भरात येईस्तोवर तू थांबलीस.

तुझा एक पाय माझ्यावरून पलीकडे पडला
आणि लाइट गेली.

नाना खोकले.
तू तशीच उभी,
एक पाय घरात, एक गल्लीत,
मधे मी.
तुझ्या ओढणीचं टोक माझ्या नाकावर,
त्याला आईच्या विड्यांचा, तंबाखूचा वास,
शिंक अगदी काठावर आलेली.
"श्रीहरी?"
मी घोरायला लागलो.
जन्मात कधी घोरलो नव्हतो,
इतकं मोठ्यानं की येमुलांचं कुत्रं भुंकलं.
"गाढ झोपलंय," नाना कुणालाच म्हणाले
आणि त्यांची खाट करकरली.

मग माग सुरू झाले, एकेक करत,
आधी पेंटप्पांचे, मग समोरचे,
आणि मग तुझा दुसरा पाय.

सकाळी एक मोटारसायकल स्टेशनवर गेली,
एक एसटी स्टँडवर, एक तुळजापूर नाक्यावर.
माझ्या पाठीवर मागाचा जुना पट्टा तुटला.
आई सगळ्यांत मोठ्यानं रडली, कपाळ बडवून.
ट्रंकेचं कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं.
किल्ली आईच्या कमरेला.
हे कुणी बघितलं नाही,
किंवा नानांनी बघितलं
आणि ते पाणी प्यायला उठले.
त्या दिवशी आईच्या हजार विड्यांतल्या
चारशे छाटात गेल्या.

रेशनकार्डावरून तुझं नाव कमी करायचा अर्ज
नानांनी माझ्याकडून लिहून घेतला.
कारणाचा रकाना कोराच राहिला.
अर्ज अजून कॅलेंडरमागे आहे.

निजलेल्याला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते,
आई म्हणायची,
उलटं ओलांडलं की उतरतं.
मी आज पाच फूट दोन.
वरच्या बॉबिनला हात पोचत नाही,
तेलाच्या डब्यावर चढतो, पोरं हसतात.
हसू देत.
तू उलटं ओलांडायला येऊ नकोस.

दिवाळीच्या आसपास अनोळखी नंबर वाजतो.
मी उचलतो. कुणी बोलत नाही.
मागं कधी मिक्सर, कधी पंखा,
यंदा एक लहान पोर रडत होतं.
घरात नाना असतात, मीही बोलत नाही.
फोन तोंडाजवळ धरतो
आणि घोरतो.
दोनदा, तीनदा, त्या रात्रीसारखा.

तिकडे हसू फुटतं,
अर्धंच, ओढणीत दाबलेलं.
मग लाइन कटते.