प्रत

गोंदियाहून दुपारच्या एसटीने बाटली आली.
कंडक्टर म्हणाला, "मॅडम, लोणचं का?"
फॉर्मलीनमध्ये पातळ पिशवीची सालपटं,
उजवा खालचा जबडा, अक्कलदाढेमागे.
चिठ्ठीवर पेन्सिलीने: उरकुडा कापगते, अठ्ठावन्न, तिसऱ्यांदा.

यशोधरा रामटेकेने पंखा बंद करून काप काढले.
मेणाच्या त्या पापुद्र्याला वारा सोसत नाही,
आणि साकोलीत मे महिना.

भिंगाखाली पेशींचे पाच-सहा थर, फार तर आठ.
तळाशी गडद डोक्यांच्या, उभ्या, एका मापाच्या,
कुडाच्या काड्या ठोकाव्यात तशा.
वर केराटिन, चिखलणी केलेल्या बांधीत
वाऱ्याने उठावी तेवढीच लाट,
आणि त्यात केंद्रकं अजून विझलेली नाहीत.

मी दुसरंच शोधत होते.
कणीदार थर.
तो असता, केराटिन कांद्याच्या पातीसारखं कोरडं सुटलं असतं,
तर लिहिता आलं असतं: ही त्याच घराजवळची, पण गरीब,
एकदा काढली की सहसा फिरकत नाही.
चार काचा पाहिल्या. आणखी दोन कापायला लावल्या.
एका कोपऱ्यात सुजेने अस्तर जाड झालेलं, ओळख पुसलेली;
तेवढाच तुकडा आला असता तर मी फसले असते.
भिंतीत एक इवली पोरगाठ निघाली.
मग थांबले.

जुन्या वह्या काढल्या.
दोन हजार तीन: सिस्ट.
नऊ: ट्यूमर. मानमोडे सरांचं तिरकं अक्षर, खाली दोन रेघा.
आता पुन्हा सिस्ट, माझ्या हाताने.
मधल्या काळात जगाने नाव बदललं आणि परत फिरवलं.

"त मंग बिमारी लहान झाली का?"
नाव लहान झालं, म्हटलं. ती तीच आहे.
अर्ध्या तोंडाने हसला.
"मिलवर बी असंच राहते.
एकच धान, एका साली ए-ग्रेड, दुसऱ्या साली साधारन.
धानाले काय मालूम?"

तीस वर्षं हा दाढेखाली दाणा धरून ओल सांगतो.
कट् वाजला तर वाळलेला, चेपला तर परत खळ्यावर.
मशीन आलं, तरी हमाल आधी त्याच्याकडे पाहतात.
"आता डाव्या दाढेनं पाहतो.
पन डावी खोटं बोलते."

दर वर्षी फोटो काढायचा, मी सांगितलं,
दहा वर्षं तरी.
त्याने बोटांवर मोजलं, अडुसष्टला थांबला.
"याची अजून एक प्रत द्या. मालकाले दाखवतो."
लाइट गेली होती. मी हातानेच उतरवून दिली,
शेवटी सही, तारीख.

तो गेल्यावर टेबलावर एक दाणा दिसला,
त्याच्या खिशातून सांडलेला.
दाढेखाली धरला.
वाजला की चेपला,
मला ठरवता आलं नाही.